चावडीवरचा वाद, कोशातली नोंद

हातकणंगले तालुक्यातील हुपरी या गावाची नोंद एखाद्या ज्ञानकोशात करायची, तर ती कोणी लिहायची? गावच्या माणसाने लिहिली तर तो गावाची बढाई मारणार, बाहेरच्याने लिहिली तर त्याला पैंजणाची कडी आणि घुंगरू यांतला फरकही ठाऊक नसणार. दोघांनी मिळून लिहायची म्हटले तर पहिल्याच वाक्यावर अडणार. चांदीचा धंदा इथे नेमका कोणी आणि केव्हा सुरू केला? ज्या गावात धंदा घराघरात आहे, तिथे या प्रश्नाची उत्तरेही घराघरात असतात. हा प्रश्न एका गावापुरता वाटला, तरी मराठीतल्या सगळ्या कोशकारांना तो या ना त्या रूपात पडलेला आहे. तो सोडवण्याच्या पद्धती मात्र शंभर वर्षांत तीनदा बदलल्या.

पहिली पद्धत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून भारतीय जातिसंस्थेवर प्रबंध लिहून आलेल्या या माणसाने महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि २३ खंड उभे केले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचेच होते. प्रस्तावनेला पाच खंड लागतात, यावरूनच संपादकाचा स्वभाव कळावा. सहकारी भक्कम होते. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे याच कामात तयार झाले आणि पुढे त्यांनी महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला. पण ज्ञानकोशात शेवटचा शब्द केतकरांचा. सहकाऱ्याशी मत जुळले नाही तर केतकर लिहितील ते छापले जाई. त्यांचे मोठेपण असे की या कामाची हकीकत त्यांनी दडवली नाही. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्यांनी ज्ञानकोश मंडळाचा इतिहास स्वतःच लिहून ठेवला. मात्र ती हकीकत कोशाबाहेर, वेगळ्या पुस्तकात आहे. कोशातली नोंद वाचणाऱ्याला तिची चाहूलही लागत नाही.

दुसरी पद्धत मंडळाची. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९६० साली, साहित्य संस्कृती मंडळ निघाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. इथे एकाचा शब्द अखेरचा नव्हता. विषयाचा तज्ज्ञ नोंद लिही, दुसरा ती तपासे, भाषेचे संस्करण वेगळ्या हातांनी होई आणि नोंदीखाली लेखकाचे नाव येई. वादाचे सर्वांत मोठे मूळ परिभाषा, हे तर्कतीर्थांनी आधीच ओळखले होते. म्हणून विश्वकोशाचा अठरावा खंड, म्हणजे परिभाषासंग्रह, १९७३ साली आधी बाहेर पडला आणि पहिला खंड त्यानंतर १९७६ साली. अठरावा आधी आणि पहिला नंतर, याची त्या काळी थट्टाही झाली असेल. पण शब्दांवरचे भांडण आधी मिटवून मग लिहायला बसायचे, ही त्यामागची युक्ती फार शहाणपणाची होती. तिची किंमत वेळात मोजावी लागली. विसावा खंड यायला २०१५ उजाडले.

तिसरी पद्धत १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची. इथे संपादक नाही, मंडळ नाही, मानधन नाही. कोणीही लिहावे, कोणीही खोडावे. वाचणाऱ्याला वाटते, अशाने गोंधळ माजेल. तो माजतोही. पण या व्यवस्थेत एक गोष्ट आधीच्या दोन्ही कोशांत नव्हती. प्रत्येक लेखाच्या पाठीला दोन पाने चिकटलेली असतात, एक ‘चर्चा’ आणि एक ‘इतिहास’. पहिल्यावर वाद घालायचा, दुसऱ्यावर झालेला प्रत्येक बदल तारीख-वेळेसह राहतो. केतकरांनी जे वेगळ्या पुस्तकात लिहिले, ते इथे नोंदीच्या पाठीमागेच सापडते. खोडलेले वाक्यसुद्धा नष्ट होत नाही. ज्याला हवे त्याने उलटून पाहावे.

मराठी विकिपीडियाच्या लोकांनी या यंत्रणेला दिलेले शब्द पाहण्यासारखे आहेत. सगळ्यांनी जमून बोलायच्या पानाला ‘चावडी’, सराव करण्याच्या जागेला ‘धूळपाटी’, नासधुशीला ‘उत्पात’, विशेष अधिकार असलेल्या सदस्याला ‘प्रचालक’ आणि निर्णयासाठी मत मागण्याला ‘कौल’. यातला ‘कौल’ हा शब्द कोल्हापूरकडच्या माणसाला लगेच भिडतो. देवळात कौल लावला की फूल उजवीकडे पडते किंवा डावीकडे, आणि प्रश्न मिटतो. विकिपीडियावरचा कौल तसा नसतो. तिथे डोकी मोजण्यापेक्षा कारणे तोलायची असा दंडक आहे. दहा जणांनी नुसते ‘पाठिंबा’ लिहिले आणि एकाने पुरावा दिला, तर त्या एकाचे ऐकावे लागते. निदान तसे अपेक्षित आहे. इंग्रजी विकिपीडियावर तर चोवीस तासांत एकाच लेखातले दुसऱ्याचे बदल तीनपेक्षा अधिक वेळा उलटवले, तर सदस्यावर बंदी येऊ शकते. बरोबर कोण हा प्रश्न त्या वेळी विचारलाच जात नाही. आधी हात थांबवा, मग बोला.

आता हे सगळे नियम इंग्रजीत जन्मले. मराठीत आल्यावर त्यांच्यापुढे काही अडचणी खास आपल्या उभ्या राहिल्या. सर्वांत अवघड अडचण व्याकरणातली आहे. इंग्रजीत राजाही ‘ही’ आणि चोरही ‘ही’. मराठीत क्रियापद लिहितानाच माणसाला मान द्यायचा की नाही ते ठरवावे लागते. ‘तो जन्मला’ की ‘ते जन्मले’? जुन्या चरित्रकोशांत ‘हा अमक्याचा पुत्र’ असे एकेरी सर्रास चाले आणि कोणाला त्यात अवमान दिसत नसे. आज चालणार नाही. मग आदरार्थी कोणासाठी आणि एकेरी कोणासाठी? औरंगजेबाला काय? तटस्थ राहायचे ठरवलेल्या संपादकाला इथे तटस्थ राहण्याची सोय भाषेनेच ठेवलेली नाही. इंग्रजी विकिपीडियावर लेखाचे शीर्षक नुसते ‘शिवाजी’ आहे आणि ते बदलावे अशी मागणी तिथल्या चर्चा पानावर पुन्हा पुन्हा येते. मराठी विकिपीडियाने शीर्षकात ‘महाराज’ ठेवले. एकच संस्था, दोन भाषा, दोन निर्णय, आणि माझ्या मते दोन्ही आपापल्या जागी समर्थनीय.

कोल्हापूरकरांना हा वाद संगणकाशिवायही ठाऊक आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे नाव ‘शिवाजी विद्यापीठ’. ते ‘छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ’ करावे, अशी मागणी अलीकडे जोराने झाली, मोर्चा निघाला, आणि विरोधही कोल्हापुरातूनच झाला. नाव लांब केले की लोक आद्याक्षरे वापरतील आणि ‘शिवाजी’ हा शब्दच तोंडून जाईल, असा विरोधकांचा युक्तिवाद. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे ‘एमएस’ झाले, हा त्यांचा दाखला. दोन्ही बाजूंना महाराजांविषयी आदर आहे आणि तरी मतभेद आहे, हे ज्याला मान्य होते त्यालाच चर्चा पानावर बसता येते. समोरचा सद्हेतूने लिहितो असे धरून चला, हा विकिपीडियाचा जुना नियम याहून वेगळे काही सांगत नाही.

दुसरी अडचण सीमेची. हुपरीहून निपाणी जवळ, पण १ नोव्हेंबर १९५६ पासून ती दुसऱ्या राज्यात. सीमाभागात कोणाची बहीण दिलेली, कोणाचे गिऱ्हाईक. बेळगाव मराठी विकिपीडियावर ‘बेळगाव’ आहे, कन्नडवर ‘बेळगावी’. २०१४ साली कर्नाटकाने इंग्रजीतले अधिकृत नावही बदलले. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. इंग्रजी विकिपीडियावर दोन्हीकडचे लोक एकाच लेखात भेटतात, आणि नाव कोणत्या लिपीत आधी लिहायचे यावर देशभरातल्या गावांबाबत इतकी ओढाताण झाली की २०१२ साली तिथल्या संपादकांनी भारतविषयक लेखांच्या सुरुवातीला भारतीय लिप्याच नकोत असे ठरवले. भावांच्या भांडणात दारातले झाडच तोडून टाकावे, तसला हा तोडगा. वाद थांबला खरा, पण वाचकाला बेळगावचे नाव कन्नडात आणि मराठीत कसे लिहितात हे पाहण्याची सोयही पहिल्या ओळीतून गेली. कधीकधी सहमती अशीही होते.

पण वाद चर्चा पानाबाहेर गेला की काय होते, ते २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने पाहिले. ‘छावा’ चित्रपट आला, लोकांनी छत्रपती संभाजी महाराजांविषयीचा इंग्रजी विकिपीडियावरचा लेख उघडला आणि त्यातला काही मजकूर पाहून संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी सायबर यंत्रणेला सूचना दिली, विकिपीडिया चालवणाऱ्या प्रतिष्ठानाला नोटीस गेली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. संताप समजण्यासारखा होता. पण इतिहासाच्या अभ्यासकाला यात वेगळीच गोष्ट खटकते. संभाजी महाराजांची वाईट प्रतिमा बव्हंशी त्यांच्या मृत्यूनंतर शंभरावर वर्षांनी लिहिलेल्या मल्हार रामराव चिटणिसाच्या बखरीतून आली, आणि ती पुसली मराठी संशोधकांनी. वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळून १९६० साली चरित्र लिहिले. डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ चा. नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी रंगवलेला संभाजी या दोघांच्या पुराव्यापुढे टिकला नाही. हा वाद नोटिशीने जिंकलेला नव्हता.

बेंद्रे आणि गोखले यांचे पान क्रमांक देऊन चर्चा पानावर वाद घालणारी माणसे शंभर असती, तर त्या लेखाचे काय झाले असते? ते ग्रंथ मराठीत आहेत. इंग्रजी विकिपीडियावर लिहिणाऱ्या फार थोड्यांना ते वाचता येतात. ज्यांना वाचता येतात, त्यांतले फार थोडे तिथे लिहितात. या फटीतून चुकीचे वाक्य आत शिरते आणि राहते. गुन्हा नोंदवल्याने ही फट रुंदच होते, कारण उद्या एखादा मराठी प्राध्यापक स्वतःच्या नावाने दुरुस्ती करायला दोनदा विचार करील.

माणसे थोडी असली की काय होऊ शकते, याचा धडा क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियाने घालून दिला आहे. तिथे प्रचालकांच्या एका लहान गटाने दहा वर्षांच्या आसपास आपल्या राजकीय मताचा इतिहास चालवला, विरोध करणाऱ्यांना बाहेर काढले, आणि हे सगळे ‘सहमती’च्या नावाखाली. प्रतिष्ठानानेच २०२१ साली त्यावर अहवाल प्रसिद्ध केला. सहमतीचा नियम चांगला, पण सहमत व्हायला पुरेशी वेगवेगळी डोकी लागतात. मराठी विकिपीडियावरच्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे, रोज काम करणारे हात मात्र मूठभर. गावांवरचे हजारो लेख एकाच साच्यातून काढलेले दिसतात. अमुक तालुक्यातील एक गाव, पाऊस इतका, उन्हाळा असा. संख्या वाढवावी की मोजकेच पण भरीव लिहावे, या जुन्या वादाची ही खूण.

घाईचा अनुभव पुण्यानेही घेतला आहे. २०११ साली तिथल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायला लावले. बऱ्याच जणांनी पुस्तकांतले उतारे जसेच्या तसे उतरवले, आणि जगभरच्या स्वयंसेवकांना ते निपटत बसावे लागले. प्रयोग त्याच वर्षी आवरता घेतला. हात वाढले होते, पण टंच पाहायला कोणी नव्हते.

टंच हा हुपरीचा शब्द. चांदी किती शुद्ध, हे सांगणारा. पैंजणाचा जोड एका हाताने होत नाही. आटणी एकाकडे, तार दुसऱ्याकडे, जोडकाम, घुंगरू, उजळा आणखी कोणाकडे. प्रत्येक टप्प्यावर वजन होते आणि घट मोजली जाते. घट कोणाची यावर वाद झाला तर तोही वजनाच्या काट्यावर मिटतो. कोशाच्या कामात काटा म्हणजे संदर्भ. छापलेले, तपासता येईल असे काहीतरी.

आणि नेमके तेच इथे कमी आहे. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, हे सरकारी कागदावर मिळते. पण पहिली भट्टी कोणाच्या पडवीत पेटली, कोणता घाट कोणी बसवला, बायकांच्या हातून घरी बसून किती काम होते, हे म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. विकिपीडियाच्या नियमाने तोंडी सांगितलेले चालत नाही. हा नियम आपल्यासारख्या समाजांवर अन्याय करतो, असे अचल प्रभला यांनी २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रित मुलाखती संदर्भ म्हणून वापरून दाखवत मांडले. इंग्रजी विकिपीडियावरच्या अनेकांना ते पटले नाही. त्यांचेही म्हणणे पोकळ नव्हते. दोन घरांनी दोन वेगळी नावे सांगितली, तर लांब कुठेतरी बसलेल्या संपादकाने कोणाचे धरायचे?

यावर प्रभलांच्या बाजूनेही आणि नियमाच्या बाजूनेही निघणारी एक वाट आहे, आणि ती गावातूनच जाते. शाळेची स्मरणिका, पतसंस्थेचा वर्धापनदिन अंक, चांदी व्यावसायिकांच्या संघटनेची पुस्तिका यांत दोन्ही घरांच्या आठवणी, सांगणाऱ्याच्या नावानिशी आणि सालासह छापल्या, तर उद्या त्या संदर्भ म्हणून दाखवता येतात. मग नोंदीत लिहिता येईल की अमुक घराण्याच्या सांगण्याप्रमाणे असे आणि तमुक घराण्याच्या सांगण्याप्रमाणे तसे. एकच नाव लिहिण्याचा हट्ट धरायची गरज उरत नाही. तोवर कोणी एकच नाव लिहून गेला, तर दुसऱ्या घरातल्या कोणीतरी चर्चा पान उघडावे, तारीख पडेल अशी हरकत तिथे नोंदवावी, आणि आजोबांचे जुने हिशेबाचे चोपडे माळ्यावरून खाली काढावे.