हातबनावटीच्या मोटारीची इंधनवाहिनी

सिकंदराबाद-वास्को गाडीने जाणारा गोमंतकीय प्रवासी हैदराबादेत काचीगुडा स्थानकावर उतरू शकतो. निझामाच्या रेल्वेच्या काळात, 1916 साली उभी राहिलेली ही घुमट-मिनारांची वास्तू मागे टाकून मुसी नदीपलीकडे बहादूरपुऱ्यात गेले, की के. सुधाकर यादव यांचे सुधा कार संग्रहालय लागते. 2010 पासून खुल्या असलेल्या या संग्रहालयात वांगे, बर्गर, बूट, हँडबॅग, क्रिकेटचा चेंडू अशा आकारांच्या, हाताने घडवलेल्या गाड्या आहेत आणि त्या प्रत्यक्ष चालतात. यादव यांच्या 41 फूट 7 इंच उंचीच्या तीनचाकी सायकलीची 2005 साली गिनेसमध्ये नोंद झाली.

पाहणाऱ्याचे लक्ष आकारावर खिळते. घडवणाऱ्याची कसोटी कवचाखाली लागते. कारखान्यातून येणाऱ्या मोटारीत टाकी, नळी आणि इंजिन यांच्या जागा आधीच ठरलेल्या व तपासलेल्या असतात. हातबनावटीच्या गाडीत त्या प्रत्येक वेळी नव्याने ठरवाव्या लागतात. इंजिन बंद पडणे ही त्यातील किरकोळ अडचण. खरा धोका आगीचा.

दुचाकीचे लहान इंजिन बसवलेल्या गाडीत सर्वांत सोपी रचना म्हणजे टाकी कार्ब्युरेटरच्या वर ठेवणे. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि पंपाची गरज उरत नाही. मात्र नळी फुटली तर प्रवाहही आपोआप थांबत नाही, म्हणून टाकीखालची तोटी हाताशी हवी. टाकी मागे व खाली असेल तर विजेचा पंप लागतो. असा पंप ढकलण्यात समर्थ आणि ओढण्यात दुबळा असतो. त्यामुळे तो इंजिनाजवळ न बसवता टाकीजवळ, शक्य तितका खाली बसवतात. त्याच्या आधी जाड जाळीची गाळणी आणि नंतर बारीक फिल्टर असतो. कार्ब्युरेटरला साधारण 0.2 ते 0.4 बार दाब पुरतो, तर इंजेक्शनच्या इंजिनाला 3 बारच्या आसपास. एकाचा पंप दुसऱ्याला जोडला, तर कार्ब्युरेटर ओसंडून वाहतो किंवा इंजेक्शन उपाशी राहते.

हैदराबादचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि पेट्रोलचे हलके घटक त्याआधीच उकळू लागतात. नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली, तर आत वाफेचा फुगा धरतो आणि इंजिन गुदमरते. म्हणून वाहिनी चासीच्या विरुद्ध बाजूने नेतात; जास्तीचे इंधन टाकीत परत नेणारी दुसरी नळी असली, तर पेट्रोल फिरते राहून तापत नाही.

लांब अंतरासाठी पोलादाची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी वापरावी. नुसते तांबे वाकवायला सोपे म्हणून मोह होतो. पण सततच्या कंपनाने ते कडक होऊन तडकते. रबराचा तुकडा फक्त तेथेच, जेथे हलणारे इंजिन स्थिर चासीला जोडायचे असते. नळीच्या टोकाला उठावाची कड काढलेली नसेल, तर क्लिप कितीही आवळली तरी दाबाखाली रबर सरकू शकते. साधी दातेरी क्लिप रबराला कापते. तेथे गोल कडांची क्लिप हवी. पसरट तोंडाच्या जोडणीत 37 आणि 45 अंशांचे दोन प्रकार असतात. दोन्ही एकमेकांवर बसल्यासारखे वाटतात, पण झिरपतात. नळीला दर दीड-एक फुटावर रबरी अस्तराची पट्टी द्यावी. पत्र्यातून ती आरपार जाते तेथे रबरी कडे घालावे. टाकीच्या झाकणात हवा घेण्याची सोय हवी, नाहीतर आत निर्वात होऊन प्रवाह अडतो. गाडी उलटली तर त्या वाटेने पेट्रोल सांडू नये, यासाठी झडपही हवी.

इथेनॉलच्या मिश्रणाने जुन्या हिशेबांत एक नवी भर घातली आहे. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून टप्प्याटप्प्याने आले. इथेनॉल काही जुन्या रबरांना फुगवते आणि हवेतील ओलावा शोषते. गोव्याच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या लोखंडी टाकीला म्हणूनच गंज चढतो. जुन्या गाड्या जपणाऱ्यांनी इथेनॉलसाठी योग्य अशी खूण असलेलीच नळी घ्यावी. दुकानदाराच्या ‘चालेल’वर विसंबू नये.

अशी गाडी रस्त्यावर आणणे हा निराळा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच अधोरेखित केले. संग्रहालयाच्या आवारात मात्र कारागिराचा शब्द अंतिम असतो, म्हणून तपासणीही त्यालाच करावी लागते. इंजिन बंद ठेवून पंप चालवायचा, प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावायचा आणि ओल दिसली तर तेथेच थांबायचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते. ही तपासणी उघड्यावर करतात. पेट्रोल साठवलेल्या टाकीला वेल्डिंगची ठिणगी कधीच दाखवत नाहीत, रिकामी असली तरी. भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक सहज उडते.