नहपानाच्या चेहऱ्यावरचा घाव

नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात, गोदावरी आणि दारणा या नद्यांच्या संगमावर जोगलटेंभी नावाचं गाव आहे. सन १९०६ मध्ये इथे चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा मिळाला. नाणी थोडीथोडकी नव्हेत, १३,२५० हून अधिक! सगळी क्षहरात वंशातील क्षत्रप राजा नहपान याची. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला वज्र आणि बाण, भोवती ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत राजाचं नाव. पण यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांचा चेहरामोहराच बिघडलेला होता. कुठे राजाचं नाक गेलेलं, कुठे गाल चेपलेला, कुठे डोळ्यावरून आडव्या रेघा गेलेल्या, नावाची अक्षरं अर्धवट उरलेली. हा घाव कोणी घातला? कशाने घातला? या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या महाराष्ट्राच्या आणि धम्माच्याही इतिहासाचं एक पान दडलेलं आहे.

जुनं नाणं खराब होण्याची कारणं अनेक असतात. पहिलं कारण माती. जमिनीतल्या क्षारांनी चांदीवर काळपट-राखाडी थर चढतो, चांदीत तांबं असेल तर हिरवट डाग पडतात. पण माती खाते ती वेडीवाकडी खाते, एका नाण्यासारखं दुसरं नाणं कधी खात नाही. दुसरं कारण झीज. हाताळून हाताळून नाणं झिजतं तेव्हा उंच भाग आधी गुळगुळीत होतो. नाक-गाल पुसट होतील, पण चेपले जाणार नाहीत. तिसरं कारण सराफाची पारख. आत चांदी खरी की खोटी हे बघायला सराफ नाण्यावर छेद द्यायचे, नाहीतर बारीकसा ठसा मारायचे. आपल्याकडच्या आहत नाण्यांवर असे ठसे पुष्कळ दिसतात. पण ते छोटे, कडेला किंवा मिळेल त्या जागी मारलेले.

जोगलटेंभीच्या नाण्यांवरचा घाव या तिन्हींत बसत नाही. कारण हजारो नाण्यांवर तो त्याच आकृतींचा आहे. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ आणि भोवती अक्षरं. दुसऱ्या बाजूला अधिकचिन्हासारखी आकृती, तिच्या चार टोकांना चार वर्तुळं. अभ्यासक तिला उज्जयिनी चिन्ह म्हणतात. म्हणजे हा अपघात नव्हे. कोरीव साच्याने, घणाचा ठोका घालून, जाणूनबुजून मारलेला हा दुसरा ठसा आहे.

आता कोणी म्हणेल, डोंगर आधी आणि चेहरा नंतर कशावरून नाही? त्याचीही खूण नाण्यावरच आहे. डोंगराच्या रेघा चेहऱ्यावरून अखंड जातात, आणि त्या जिथे जातात तिथे गालाचा उंचवटा सपाट झालेला असतो. जे खाली दबलं ते आधीचं, जे वर उमटलं ते नंतरचं. हिशेब साधा आहे. आणि ठसा मारणाऱ्याने आपलं नावही लपवलेलं नाही. डोंगराभोवतीची अक्षरं सांगतात : राजा गौतमीपुत्र श्री सातकर्णी!

मग त्याने नाणी वितळवली का नाहीत? वितळवायला भट्टी हवी, कोळसा हवा, कारागीर हवेत, वेळ हवा, आणि थोडी चांदी वाया जाणार ती वेगळीच. शिवाय तोवर बाजारात व्यवहार कशाने करायचा? ठोका मारला की तेच नाणं त्याच वजनात पुन्हा चालू. वर प्रत्येक विणकराच्या, तेल्याच्या, कुंभाराच्या हातात बातमी पोचते : राजा बदलला. त्या काळात याहून स्वस्त दवंडी दुसरी नव्हती.

या घावाने इतिहासाचा एक गुंताही सोडवला. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यात काळाचं अंतर किती, यावर विद्वानांचा वाद होता. पण एका राजाची हजारो नाणी दुसऱ्याने पुन्हा ठसवली, याचा अर्थ दुसरा आला तेव्हा पहिल्याची नाणी बाजारात जोरात चालू होती. दोघांमध्ये मोठं अंतर असू शकत नाही. नाशिकच्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेखही तेच सांगतो. आपल्या मुलाने खखरात म्हणजे क्षहरात वंश निःशेष केला, असं त्या मातेने दगडावर कोरून ठेवलंय. दगड जे बोलतो त्याला चांदीने साक्ष दिली.

आता चला त्रिरश्मी डोंगरावर. इथलं १० क्रमांकाचं लेणं नहपानाचा जावई उषवदात याने चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दान दिलं. त्यासोबत ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. त्यातले २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. हिशेब करून बघा : महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि शिलालेख म्हणतो की लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. पैचा फरक नाही!

मग सत्ता पालटली. नाण्यावरचा नहपानाचा चेहरा ठेचणाऱ्या गौतमीपुत्राने भिक्षुसंघाचं काय केलं? ३ क्रमांकाच्या लेण्यातला त्याच्या १८ व्या वर्षाचा हुकूम वाचा. पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत त्याने त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना दिलं. पुढे २४ व्या वर्षी, ते शेत कसलं जात नाही आणि गावही ओस आहे असं कळल्यावर, राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तनं दिली. त्या हुकमात त्याच्या आईचंही नाव आहे. वैर होतं ते राजाराजांचं. संघ दोघांनाही पूज्य होता.

इथे एक गोष्ट धम्मबांधवांना स्पष्ट सांगितली पाहिजे. नाण्यावरच्या तीन कमानींच्या आकृतीला पुष्कळ लोक चैत्य म्हणतात, आणि त्यावरून गौतमीपुत्र बौद्ध होता असं सभांतून ठोकून देतात. तसं म्हणता येणार नाही. ही आकृती त्याच्याही आधीच्या आहत नाण्यांवर आहे, आणि बरेच अभ्यासक तिला डोंगरच मानतात. त्याच्या आईचा शिलालेख तर त्याला ब्राह्मण म्हणून गौरवतो. तो बौद्ध नव्हता, तरी त्याने संघाला जमीन दिली. हे सत्य आपल्याला कमीपणा आणणारं नाही, उलट संघाचं त्या समाजातलं वजन दाखवणारं आहे. खोट्या अभिमानाची आपल्याला गरज नाही. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा नाण्याचलनावरचा ग्रंथ १९२३ साली लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी आपल्याला पुराव्याने बोलायला शिकवलं आहे.

आणि पुराव्याने बोलायचं तर आणखी एक ठसा बघा. ज्या डोंगराला शिलालेख त्रिरश्मी म्हणतात, तिथल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. बलश्रीच्या लेखात अर्जुन-भीमसेनाची नावं येतात, पण ती आपल्या मुलाची थोरवी सांगताना, उपमा म्हणून. लेणी पांडवांनी कोरली असं तिथला एकही शिलालेख म्हणत नाही. लेणी कोरवून घेतली ती राजघराण्यांनी, व्यापाऱ्यांनी, उपासक-उपासिकांनी, भिक्षुसंघासाठी. त्या खऱ्या नावांवर नंतर दुसऱ्या नावाचा ठसा बसला. महाराष्ट्रात अनेक लेण्यांचं असंच झालंय. पण नहपानाचं नाणं आपल्याला धीर देतं. इतका जोराचा ठोका बसूनही खालचं अक्षर पुरतं मेलेलं नाही. वाचणारा डोळा हवा.

म्हणून विहारातल्या मुला-मुलींना एवढंच सांगणं आहे. ब्राह्मी लिपी शिका. ती अवघड नाही, रोज थोडा वेळ दिला तर अक्षरं लवकर लागतात. लेण्यावर सहलीला जाल तेव्हा फोटोबरोबर शिलालेखही बघा. शेतात, पायाच्या खोदकामात जुनं नाणं सापडलं तर राखेने, चिंचेने घासून चकचकीत करू नका. घासलंत की त्याची साक्षच पुसली जाते. असा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ चा कायदा आहे. आपला इतिहास आधीच पुष्कळांनी ठेचला आहे, उरलेला आपल्या हातून पुसला जाऊ नये.

नमो बुद्धाय! जयभीम!