संगणकातल्या नद्या

1969मध्ये स्युकुरो मानाबे यांनी हवामानाच्या प्रारूपात जमिनीला बादलीचे रूप दिले. तिच्यात 15 सेंटिमीटर पाणी मावायचे. त्यावर पडेल तो पाऊस वाहून गेला असे धरायचे. नदी अशी त्यात नव्हतीच.

नदी आणायची, तर प्रत्येक चौकोनातले पाणी कोठे जाते हे सांगावे लागते. 1984मध्ये ओ'कॅलहन आणि मार्क यांनी सोपी रीत मांडली : आठ शेजाऱ्यांपैकी जिकडे उतार सर्वांत तीव्र, तिकडे सगळे पाणी. बारीक नकाशावर ती उत्तम चालते. पण पृथ्वीव्यापी प्रारूपांतला एक अंशाचा चौकोन सुमारे 110 किलोमीटरचा! तिबेटात पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो नामचा बरवाला वळसा घालून अरुंद घळईतून दक्षिणेस उतरते आणि पुढे ब्रह्मपुत्रा होते. एवढ्या चौकोनाची सरासरी उंची घेतली की घळई डोंगरात बुजते. गणितातले पाणी तिबेटातच अडते किंवा भलतीकडे वळते. सह्याद्रीचा पेच निराळा. महाबळेश्वरच्या माथ्यावरून सावित्री अरबी समुद्राकडे जाते, कृष्णा बंगालच्या उपसागराकडे. चौकोनाला दिशा मात्र एकच. उपसागराच्या पृष्ठभागाची क्षारता नद्यांच्या गोड्या पाण्यावर अवलंबून असल्याने ही चूक केवळ नकाशापुरती राहत नाही.

1998मध्ये ताइकान ओकी आणि वाय. सी. सूद यांनी एक अंशाचे जागतिक नदीजाळे प्रसिद्ध केले. उंचीवरून काढलेल्या दिशा त्यांनी छापील नकाशांशी ताडून हाताने दुरुस्त केल्या. मला हे काम फार मोलाचे वाटते; अशा कष्टांना शोधनिबंधात जेमतेम एखादे वाक्य मिळते.

फेब्रुवारी 2000मध्ये 'एंडेव्हर' यानाच्या रडारने 11 दिवसांत बहुतेक भूभागाची उंची मोजली. त्यावरून सुमारे 90 मीटरच्या बारकाव्याचे 'हायड्रोशेड्स' हे नदीजाळे 2008मध्ये जगापुढे आले. तरी 'एका चौकोनाला एकच वाट' हा नियम टिकून होता. त्या नियमाने गंगेला हुगळी आणि पद्मा यांपैकी एकच निवडावी लागते. 2014मध्ये दाई यामाझाकी व सहकाऱ्यांनी मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशासाठी प्रारूपात फाटे फुटू दिले, तेव्हा ही कोंडी सुटू लागली.

नदी जागा सोडते, हा प्रश्न उरतोच. 18 ऑगस्ट 2008 रोजी नेपाळात कुसहा येथे बांध फुटला आणि कोसी पूर्वेकडच्या जुन्या वाटेने बिहारमध्ये शिरली. लाखो लोक बेघर झाले. पुढे भगदाड बुजवून तिला परत आणले गेले. 2000च्या उंचीवर बेतलेल्या जाळ्यात ती त्या काळातही बांधांच्या मधूनच वाहत होती.