अर्धी पात्रे, पूर्ण कथा

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये (१९९६) प्रकरणांना पात्रांची नावे आहेत. प्रारंभीचे प्रकरण वगळता आठच जणांच्या नजरेतून कथा उलगडते. पुढे या नजरा वाढत गेल्या आणि चौथा खंड एका पुस्तकात मावेना. मार्टिन यांनी तो काळानुसार न विभागता पात्रांनुसार विभागला. 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये (२००५) टिरियन, जॉन, डेनेरिस यांना एकही प्रकरण नाही. २००० सालच्या तिसऱ्या खंडानंतर त्यांची नजर वाचकाला पुन्हा लाभली ती २०११मध्ये, 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये. निवडलेल्या पात्रांची कथा सलग राहिली. पण परस्परविरोधी नजरा शेजारी ठेवल्याने निर्माण होणारा ताण सैलावला. बहुकेंद्री कादंबरीचे बळ नजरांच्या संख्येपेक्षा त्यांच्या शेजारात असते, हेच या विभागणीतून दिसते.