मोडकं एक्स्टेन्शन, चालू टूल

१५८४ मध्ये पैठणच्या संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि बजावलं, यात स्वतःची ओवी घालू नका. २००५ मध्ये आलेल्या मर्क्युरियलने मात्र उलटं केलं. हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल. ते म्हणतं, हवं ते एक्स्टेन्शन जोडा!

पण जोडलेलंच बिघडलेलं निघालं तर? सगळं काम अडणार? म्हणून त्याच्या टेस्टमध्ये एक एक्स्टेन्शन मुद्दाम मोडकं ठेवलंय. ते लोड होताना टूलने इशारा द्यायचा, बाकीची एक्स्टेन्शन्स घ्यायची आणि काम चालू ठेवायचं.

एकनाथांनी दार लावून मूळ जपलं; मर्क्युरियलने दार उघडं ठेवून. दोस्तांनो, दार उघडं ठेवायचं असेल, तर बिघाडाचीही टेस्ट लिहा.