ताइओहाए, डिसेंबर १९०७ : पुस्तकातले खोरे शोधायला निघालेले जोडपे

६ डिसेंबर १९०७. प्रशांत महासागरातील मार्केसास द्वीपसमूह, त्यातले नुकु हिवा हे डोंगराळ बेट. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील ताइओहाए बंदरात दिवस मावळल्यावर एक शिडाचे गलबत चाचपडत शिरले आणि त्याने नांगर टाकला. गलबताचे नाव ‘स्नार्क’, लांबी सुमारे ५५ फूट. मालक होते अमेरिकन लेखक जॅक लंडन आणि त्याची पत्नी चार्मियन.

हवाईतील हिलो बंदर सोडून त्यांना ६० दिवस झाले होते. सरळ रेषेत हे अंतर २,००० मैलांच्या आसपास; पण व्यापारी वारे तोंडावर येत असल्यामुळे शिडाच्या गलबताने या वाटेला जाऊ नये, असाच तत्कालीन मार्गदर्शिकांचा सल्ला होता. ‘स्नार्क’ला आधी कितीतरी पूर्वेकडे सरकावे लागले. मध्येच एका रात्री पिण्याच्या पाण्याचा नळ उघडा राहिला आणि निम्मे पाणी वाहून गेले. पाऊस पडेपर्यंत माणशी मोजून पाणी मिळत होते.

चार्मियन या प्रवासात पाहुणी नव्हती. ती सुकाणूवर पाळी करत असे आणि जॅकचे हस्तलिखित टंकलिखितही करत असे. ‘मार्टिन ईडन’ ही त्याची गाजलेली कादंबरी याच सफरीत लिहिली जात होती. चार्मियनची स्वतःची रोजनिशी पुढे १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. जॅकच्या प्रवासवर्णनाशेजारी ती ठेवून वाचावी. मग या सफरीतली कितीतरी कामे कोणाच्या हातून होत होती, ते दिसते.

इतका खटाटोप कशासाठी? एका पुस्तकासाठी. हर्मन मेल्व्हिलचे ‘टायपी’ जॅकने लहानपणी वाचले होते आणि तेव्हापासून ते खोरे पाहण्याचे त्याच्या मनात होते.

मेल्व्हिल १८४२ च्या जूनमध्ये याच बंदरात व्हेल पकडणाऱ्या जहाजावरून आला आणि जुलैमध्ये एका सोबत्यासह पळून डोंगरापलीकडच्या तैपी लोकांच्या खोऱ्यात पोहोचला. तिथे तो जेमतेम महिनाभर राहिला. १८४६ च्या पुस्तकात मात्र त्याचे चार महिने झाले. नीरफणसाची झाडे, नारळीच्या राया, निरोगी देखणी माणसे, भरपूर अन्न. वाचकांना त्यात नंदनवन दिसले.

मेल्व्हिल आला, त्याच दिवसांत ताइओहाएच्या पाण्यात फ्रेंच युद्धनौकाही उभ्या होत्या. १८४२ हेच फ्रान्सने ही बेटे ताब्यात घेतल्याचे वर्ष. त्याआधी १८१३ मध्ये अमेरिकन नौदलाचा कप्तान डेव्हिड पोर्टर इथे तळ देऊन राहिला होता. त्याने हे बेट अमेरिकेच्या मालकीचे जाहीर केले, स्थानिक टोळ्यांच्या वैरात उडी घेतली आणि तैपींची गावे जाळली. म्हणजे मेल्व्हिलचे नंदनवन त्याच्या येण्याच्या तीस वर्षे आधीच एकदा जळून गेले होते.

त्यानंतरचा आघात मात्र कुठल्याही तोफेपेक्षा मोठा होता. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या जहाजांनी पॉलिनेशियातील बेटांवरून माणसे मजुरीसाठी पळवून नेली. फ्रान्सने निषेध केल्यावर वाचलेल्यांना परत धाडण्यात आले आणि त्या जहाजासोबत देवीची साथ ताइओहाएत उतरली. नुकु हिवा आणि शेजारचे उआ पोऊ या दोन बेटांवर मिळून सुमारे दीड हजार माणसे दगावली. पाठोपाठ क्षय होताच. १८८८ मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आणि त्याची पत्नी फॅनी हेही ‘कॅस्को’ या नौकेतून नुकु हिवाला आले होते. त्याने हापा खोऱ्याची ऐकलेली हकिकत नोंदवली आहे : चारशे माणसांपैकी पाव हिस्सा देवीने नेला, उरलेल्यांत क्षय पसरला आणि वर्षभरात फक्त एक पुरुष आणि एक स्त्री ते खोरे सोडून बाहेर पडली. हे लिहिणारा स्टीव्हन्सन स्वतः फुप्फुसांच्या विकाराने गांजलेला होता.

त्याच हापा खोऱ्यातून १९०७ मध्ये लंडन जोडपे घोड्यांवर बसून तैपीकडे गेले. वाटेत जंगलाने गिळलेले दगडी चौथरे दिसत होते. स्थानिक भाषेत त्यांना ‘पाएपाए’ म्हणतात. एकेका चौथऱ्यावर एकेक घर असे. आता चौथऱ्यांतून झाडे वर आली होती. आणि तैपीत? कुष्ठरोग, हत्तीरोग आणि क्षय यांनी पोखरलेली मूठभर माणसे.

जॅकला धक्का बसला आणि त्याने तो प्रामाणिकपणे लिहिला. ज्यांच्याशी लढण्याची शक्ती या लोकांच्या शरीरात नव्हती, ते जंतू गोऱ्या माणसाने आणले, हे त्याने स्पष्ट म्हटले. पण पुढे त्याने त्याला वंशाच्या निवडीचे तत्त्वज्ञान जोडले. गोरे टिकले, कारण ते अशा रोगांतून तगलेल्यांचे वंशज. हे लोक मात्र संपत चालले. या मांडणीत पोर्टरच्या मशाली नाहीत, पेरूची जहाजे नाहीत. जंतू जहाजातून येतात आणि ते जहाज कोणीतरी कशासाठी तरी पाठवलेले असते, हा दुवा तो सोडून देतो.

जोडपे साधारण बारा दिवसांनी ताहितीकडे निघाले. पुढच्या वर्षी सॉलोमन बेटांत त्यांच्यावरच उष्ण कटिबंधातील रोगांची पाळी आली. १९०८ च्या अखेरीस जॅकला सिडनीच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि जगप्रदक्षिणेचा बेत तिथेच मोडला. त्याच्यासाठी निदान रुग्णालय होते.

मार्केसासमध्ये १८४२ च्या सुमारास अंदाजे २०,००० लोक होते. १९२० च्या दशकात ते २,००० च्या आसपास उरले. तेव्हा जॅकचे भाकीत खरे ठरणार, असेच कोणालाही वाटले असते. पण लोकसंख्या तिथून वर चढू लागली. त्या दशकात तिथे काम केलेले फ्रेंच डॉक्टर लुई रोलँ यांच्या वैद्यकीय सेवेचा त्यात वाटा मानला जातो. आज या बेटांवर ९,००० हून अधिक लोक राहतात आणि त्यांची भाषा बोलली जाते.

मार्केसास हे नाव १५९५ मध्ये स्पॅनिश दर्यावर्दी मेन्दान्याने पेरूच्या व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिलेले. (त्याची पत्नी इसाबेल बार्रेतो हीसुद्धा त्या सफरीत होती आणि त्याच्या मृत्यूनंतर ताफ्याची सूत्रे तिने हाती घेतली, तिच्यावर वेगळा धागा व्हायला हवा.) २०२४ मध्ये ही बेटे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, तेव्हा नोंद झाली ती ‘ते हेनुआ एनाता’ या नावाने. अर्थ : माणसांची भूमी. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघालेल्या शिडाच्या नौका आजही ताइओहाएत नांगर टाकतात; कित्येक आठवड्यांच्या पाण्यानंतर अनेकांना दिसणारी ती पहिली जमीन असते.