पेटीपासून मिडीपर्यंत

१९८३च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसराही वाजे. वाद्यांच्या या सांकेतिक भाषेचं नाव ‘मिडी’. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी हे तिचे जनक मानले जातात.

मिडी फाइलमध्ये ध्वनिमुद्रण नसतं. कोणती पट्टी, किती जोरात, किती वेळ दाबायची, एवढीच नोंद असते. त्यामुळे ‘चेम्मीन’मधलं (१९६५) सलील चौधरींचं एखादं मल्याळम गाणं घेतलं, तर ताल आणि साथ यंत्रावर सोपवून चाल आपण कीबोर्डवर वाजवू शकतो. लय कमी करा, पट्टी बदला, काही बिघडत नाही.

पण गमकांचं काय? दोन पट्ट्यांमधला स्वर पट्टीवर सापडत नाही. याच आक्षेपावरून १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. त्याच काळात कोळिकोडचे एम. एस. बाबुराज मात्र पेटीवर चाली बांधत होते. ‘भार्गवीनिलयम’ची (१९६४) गाणी त्यांचीच. पेटीत नसलेली मींड गायकाच्या गळ्यातून येई.

मिडीत स्वर खेचायची सोय आहे, कीबोर्डवर त्यासाठी चाकही असतं. ते कुठे आणि किती फिरवायचं, हे मात्र मूळ गाणं पुन्हा पुन्हा ऐकलेल्या कानालाच कळतं.